‘याडी’ : दुसरीच्या वर्गातल्या एका शब्दाचं प्रकरण

हा प्रसंग माझ्याच वर्गातला आहे. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. चुका मात्र झाल्या तशाच लिहिल्या आहेत, कारण आमच्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेला त्यांचाच जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी वर्ग, चार शिक्षक. दुसरी माझ्याकडे होती आणि पट सव्वीसचा. गाव मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखंच. मराठा आणि धनगर घरं जास्त, गावाच्या एका अंगाला भीमनगर, वेशीजवळ मातंग समाजाची काही घरं, मशिदीच्या गल्लीत दहाबारा मुस्लिम कुटुंबं. आणि गावापासून अडीचेक किलोमीटरवर, चढ चढून गेलं की बंजारा तांडा.

तांड्यावर एक छोटी शाळा होती. तिथली शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्या जूनमध्ये पालकांनी मुलं आमच्याकडे आणून घातली. दुसरीत सात आली. घरी ती गोरमाटी बोलतात. ही बोली राजस्थानी कुळातली आहे. तिला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नडमध्ये आणि तेलंगणात तेलुगूत. ही माहिती मला डी. एड.ला कुणी दिली नव्हती आणि मीही पंधरा वर्षांच्या नोकरीत कधी शोधली नव्हती. मुलं येणार हे आठवडाभर आधी कळलं होतं. मी बस्करपट्ट्या वाढवल्या, पुस्तकांची मागणी नोंदवली आणि तयारी झाली असं समजले.

काय घडलं

जुलैचा शेवटचा आठवडा होता. चित्रकार्डं दाखवून शब्द म्हणून घेत होते. एका कार्डावर लेकराला कडेवर घेतलेली बाई होती. ‘‘ही कोण?’’ असं विचारलं, तशी तांड्यावरची एक सात वर्षांची मुलगी सगळ्यांच्या आधी हात वर करून म्हणाली, ‘‘याडी!’’

गोरमाटीत याडी म्हणजे आई. आमच्याकडे वेडीला येडी म्हणतात आणि बोलण्याच्या ओघात त्याचंही याडीच होतं. वर्ग खो-खो हसला. दुसऱ्या ओळीतला एक मुलगा उठून उभाच राहिला, ‘‘बाई, ही आईला याडी म्हणायली!’’

मलाही हसू आलं. मी ते दाबलं, पण जरा उशिरा. मुलीनं माझ्याकडे बघितलं होतं.

त्या गोंधळात मागून आणखी एक प्रश्न आला होता. भीमनगरातल्या एका मुलीनं अगदी काळजीनं विचारलं, ‘‘बाई, तिची आई खरंच याडी हाय का?’’ ती थट्टा नव्हती. तिला कळलं नव्हतं आणि समजून घ्यायचं होतं. त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं असतं, ‘‘नाही गं, तिच्या घरी आईलाच याडी म्हणतात, तुझ्या घरी काय म्हणतात?’’ असं एवढंच बोलले असते, तर या प्रकरणातलं निम्मं तिथंच संपलं असतं. मी ‘‘गप्प बसा’’ म्हणाले आणि पुढचं कार्ड उचललं.

दोन दिवसांत मुलीचं नावच याडी पडलं. हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची, तिथं नुसता हात वर करू लागली. ऑगस्टमध्ये बावीस दिवसांपैकी अकरा दिवसच आली. तांड्याची सातही मुलं खिडकीखालच्या पट्टीवर एकमेकांना चिकटून बसू लागली आणि माझा तास संपेपर्यंत आपसातसुद्धा बोलेनाशी झाली. (त्या अकरा गैरहजेऱ्यांतले काही दिवस तीजचे होते, हे मला सप्टेंबरात कळलं. श्रावणात तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास तीज विसर्जित करतात. पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना वर्ग अर्धा असला तर मी कधी नोंद घेत नाही. तीजच्या दिवशी मात्र मी त्या मुलींपुढे लाल शाईनं फुल्या मारल्या होत्या.)

पहिले दोन उपाय

उभं राहून ओरडणाऱ्या मुलाला मी वर्गापुढे बोलावलं आणि माफी मागायला लावली. त्यानं मागितली. मुलगी खाली बघत होती, बाकीचे तोंडावर हात धरून हसत होते. वर्गातलं चिडवणं त्या दिवसापासून बंद झालं आणि तांड्याच्या वाटेवर सुरू झालं, जिथं मी नसते. या माफीनं मुलाला एवढंच कळलं की हा शब्द बाईंसमोर काढायचा नाही. मुलीच्या वाट्याला आणखी पाच मिनिटं सगळ्यांच्या नजरा आल्या.

दुसरा उपाय परिपाठाचा. पैठण आमच्यासाठी लांब नाही आणि एकनाथ महाराजांची गोष्ट इथल्या घराघरांत माहीत आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं एक लेकरू रडत होतं, नाथांनी त्याला उचललं आणि घरी पोचवलं. मी ती मनापासून सांगितली. मुलं गप्प बसून ऐकत होती, मला बरं वाटलं. मधल्या सुट्टीत गावातली एक मुलगी तांड्याच्या मुलीकडे गेली, अर्धं बिस्कीट तिच्या हातात कोंबलं आणि मला येऊन म्हणाली, ‘‘बाई, मी गरिबाला दिलं.’’

यावर मी बरेच दिवस विचार केला. गोष्टीत काही खोट नाही. त्या काळात नाथांनी ते केलं याचं मोल मोठंच आहे. पण सात वर्षांचं मूल गोष्ट ऐकताना त्यात स्वतःची जागा शोधतं. गावातल्या मुलांना नाथांची जागा मिळाली. तांड्याच्या मुलांना वाळवंटातल्या लेकराची मिळाली. मी एका वर्गाचे उचलणारे आणि उचलले जाणारे असे दोन भाग करून टाकले होते. प्रतिज्ञेतल्या ‘विविधतेने नटलेल्या परंपरां’चंही तेच. सव्वीस मुलं ती रोज बिनचूक म्हणतात आणि नटणं म्हणजे काय असं विचारलं तर ‘लग्नात’ असं सांगतात. आदर, समता, विविधता हे शब्द या वयाला हातात धरता येत नाहीत. कुणाजवळ बसायचं, कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची, कुणाच्या ताटाशेजारी ताट ठेवायचं, हे धरता येतं.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक सरांशी आणि सहकाऱ्यांशी बोलले. सरांचा सल्ला होता की वर्गात मराठीच बोलायची असा नियम करावा. चुकीचा शब्द निघालाच नाही तर हसायला कारण उरत नाही. त्यांचा हेतू चांगला होता. पण या नियमाचा भार सगळा सात मुलांवर पडणार होता. हसणाऱ्यांना काहीच बदलावं लागणार नव्हतं. शिवाय मूल पहिल्यांदा शाळेत येतं तेव्हा त्याच्याजवळ असलेलं एकमेव साधन त्याची घरची बोली असते, ती दारातच ठेवून घ्यायची म्हणजे त्याला मुकं करून आत घ्यायचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

सातही मुलांना वेगळ्या गटात बसवून चौथीतल्या तांड्याच्या मुलाला मदतीला घ्यावं, असं दुसऱ्या एका बाईंचं म्हणणं होतं. त्यानं अभ्यास पुढे गेला असता हे खरं. पण खिडकीखालच्या त्या कोंडाळ्याला मीच कुंपण घातल्यासारखं झालं असतं.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका तरुण सरांनी जेन एलियट यांचा प्रयोग सुचवला. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात या शिक्षिकेनं आपल्या तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. एका गटाला वरचढ ठरवलं, दुसऱ्याला कमी लेखलं आणि मग बाजू पालटल्या. अपमान कसा लागतो ते मुलांना अंगावर कळावं म्हणून. मी दोन दिवस यावर विचार केला, मोह झालाही. पण त्यांचा वर्ग एकाच रंगाच्या, एकाच थरातल्या मुलांचा होता. तिथं भेद बाहेरून आणावा लागला. माझ्या वर्गात तो आधीच पंगतीत बसलेला होता. ज्या मुलीला रोज वाटेवर चिडवतात तिला आज खेळ म्हणून पुन्हा कमी लेखायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. शिवाय बाईंनी मुद्दाम, शिकवण्यासाठी अन्याय केला हे सात वर्षांच्या मुलाला उलगडून सांगायचं कसं?

मुलाच्या घरी तक्रार न्यायचा पर्यायही होता. तो मी सोडला. मुलाला मार बसला असता आणि गावात तांडा विरुद्ध गाव अशी चर्चा रंगली असती. तो शब्द त्या मुलानं शोधून काढला नव्हता. दोन भाषांत तो तसाच पडलेला होता.

मग उरला तो शब्द. त्याला दडवायचं नाही, त्यालाच पाठ करायचं, असं मनात येऊ लागलं. पण त्याआधी तिच्या घरच्यांना विचारणं भाग होतं.

तिच्या वडिलांशी बोलणं

एका रविवारी संध्याकाळी तांड्यावर गेले. वडील सातवीपर्यंत शिकलेले. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बायकोसह ऊसतोडीला जाणारे. माझं बोलणं ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, शाळेत गोरमाटी बोललं की आम्हाला छडी बसायची. त्या छडीनंच मराठी आली. मुकादमाशी, कारखान्यावर, बँकेत गोरमाटी कुठं चालती? तुम्ही तिला घरचं बोलणं सोडायलाच लावा.’’

मी तांड्याची भाषा वाचवायला निघाले होते आणि तांडाच मला नको म्हणत होता. हा निर्णयाचा सगळ्यात अवघड क्षण होता. बाईंना जास्त कळतं असं धरून पुढे जाणं सोपं होतं. पण त्यांच्या म्हणण्यात चुकीचं काय होतं? त्यांच्या लेकीला मराठी यायलाच हवी, ती त्यांची गरज होती आणि माझं कर्तव्य.

मी म्हटलं, ‘‘भाऊ, मराठी तर मी शिकवणारच. पण सध्या ती शाळेत मराठी बोलत नाही आणि गोरमाटीही बोलत नाही. बोलणंच थांबलंय. आधी तोंड उघडू द्या.’’

ते बराच वेळ गप्प होते. आजी चुलीपुढे बाटी भाजत होती, ती गोरमाटीत काहीतरी म्हणाली. मग वडील म्हणाले, ‘‘दिवाळीपर्यंत बघू. पण तिला धडा वाचता आला पाहिजे.’’ ही अट मला पटली. नुसतं मायेनं वागवून मूल मागे ठेवणं हाही अनादरच आहे.

काय केलं

सुरुवात मी पुन्हा चुकवली. 17 सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला प्रेमानं म्हटलं, ‘‘सांग बरं, तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात? भाकरीला काय म्हणतात?’’ ती उभी राहिली, ओठ हलले आणि डोळे भरले. हसणारे डोळे आणि कौतुकानं बघणारे डोळे यांत तिच्यासाठी काही फरक नव्हता. सव्वीस जणांत एकटीलाच आपला वेगळेपणा काढून दाखवायला सांगितला होता.

दोन दिवस थांबले. मग सगळ्यांना एकच प्रश्न दिला, घरी विचारून यायचा : तुम्ही आईला काय म्हणता?

दुसऱ्या दिवशी फळा भरला. आई होतीच. माय होती, ती तर सगळ्यात जास्त. मम्मी निघाल्या. मशिदीच्या गल्लीतून अम्मी आली. एक मुलगा आईला बाई म्हणत होता, मग वर्गातल्या बाईंना काय म्हणायचं यावर बराच खल झाला. एक अक्का म्हणणारी निघाली, तिचं आजोळ कर्नाटकच्या सीमेकडचं होतं. अक्का हा शब्द तिकडूनच, कन्नडमधून, आपल्याकडे आला आहे. आणि जुलैत उभं राहून ओरडणारा मुलगा म्हणाला, ‘‘आम्ही वहिनी म्हणतो.’’ त्यांचं घर मोठं, काका आत्या सगळे तिला वहिनीच म्हणतात, पोरानंही तेच उचललं.

वर्ग पुन्हा तसाच हसला. ‘‘आईला वहिनी!’’ मुलगा गोरामोरा झाला. ‘बघ, आता कसं वाटतंय?’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं, आणि या साऱ्या प्रकरणात वेळेवर केलेली ती पहिली गोष्ट असावी. तेवढ्यात खिडकीकडे लक्ष गेलं. ती मुलगी हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत होती, आणि ज्यानं तिला रडवलं त्यालाच हसत होती. मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. हसणं तेच होतं, फक्त बाजू पालटली होती.

म्हणून तिथंच थांबून मुलांना विचारलं : शब्दाला हसलो की माणसाला? त्यावर वर्गानं जे ठरवलं ते आजही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. गमतीच्या शब्दाला हसायचं. माणसाला मात्र त्याच्या नावानंच हाक मारायची. मी ‘सर्वांचा आदर करा’ असं लिहिलं असतं तर ते प्रतिज्ञेसारखंच पाठ झालं असतं. हा नियम मोडला की पहिलीतल्या पोरालाही कळतो.

‘याडी’ हा शब्द फळ्यावर मी लिहिला नाही. यादी संपत आली, तशी ती स्वतः उठली, खडू घेतला आणि उभी राहिली. तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या शेजारच्या तांड्याच्या मुलानं ‘या’ काढला, ‘डी’ मी काढला. भीमनगरातल्या त्या मुलीनं, जिला जुलैत उत्तर मिळालं नव्हतं, मोठ्यानं म्हटलं, ‘‘म्हणजे तिची आई शाणी हाय.’’

पुढचे दोन महिने घरच्या शब्दांची भिंत चालली. भाकरी, बाटी, रोटी. नको आणि नक्को. दखनी बोलणाऱ्या मुलांचा ‘नक्को’ आपल्या ‘नको’वरूनच गेला आहे, हे ऐकून त्या मुलांना आणि गावच्या मुलांना सारखंच नवल वाटलं. मग मी उलट बाजूही दाखवली. दप्तर, हजेरी, कागद, शाई, खिसा, हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आलेले. तूप कन्नडमधून. शुद्ध मराठीचा नियम केला असता तर हजेरी कशी घेतली असती, असं मी सरांना त्या संध्याकाळी विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण आठवड्यानं त्यांनी तिसरीच्या वर्गातही एक कोरा तक्ता लावून घेतला.

भिंतीबरोबर वाचन चालू होतं, वडिलांची अट मी विसरले नव्हते. त्यासाठी एक पद्धत वापरली जी 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरात एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं बांधली. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि मारामाऱ्या होत होत्या. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणालाच धडा पुरा होणार नाही. ती मुलं मोठी होती, माझी दुसरीतली. म्हणून मी पाच वाक्यांची गोष्ट घेऊन पाच पट्ट्या केल्या. प्रत्येकाला एक. वाचता येत नसेल तर शेजाऱ्यानं कानात सांगायचं, पण गटाला मोठ्यानं सांगायचं त्यानंच. पहिल्या आठवड्यात गटातली हुशार मुलं दुसऱ्याच्या पट्ट्या ओढून वाचायची. मग पट्टी हिसकावली तर गोष्ट परत पहिल्यापासून, असं केलं. दिवाळीच्या आधी त्या मुलीनं आपलं वाक्य न अडखळता वाचलं : ‘मग मांजर झाडावर चढले.’ तिला ‘चढले’तला ढ जमत नव्हता. तो जमावा म्हणून तिच्या गटातली तिघं दोन दिवस तिच्या मागे लागली होती, नाहीतर त्यांचं मांजर खालीच राहिलं असतं.

पंगत

हा भाग मी आधी या प्रकरणात धरलाच नव्हता. शालेय पोषण आहाराच्या पंगतीत तांड्याची मुलं टोकाला बसतात हे दिसत होतं. त्यांना मध्ये आणावं म्हणून एक दिवस पंगत नीट बघत उभी राहिले आणि तेव्हा दिसलं की तांड्याच्या मुलांच्या आधी, व्हरांड्याच्या खांबापाशी, एक हातभर फट आहे. खांबाच्या अलीकडे गावातली मुलं, पलीकडे भीमनगरातली आणि मातंग वाड्यातली. ती फट तांड्यानं आणलेली नव्हती. मी या शाळेत आले तेव्हापासून ती असणार. मी रोज तिच्यावरून पाय टाकून वाढप बघत गेले आहे.

कुणी कधी हाकललं नव्हतं, कुणी शब्दानंही बोललं नव्हतं. मुलं घरून शिकून आली होती, आणि शाळेनं त्यांना कधी वेगळं काही सांगितलं नव्हतं. संविधानाच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता संपवली आहे आणि माझ्या व्हरांड्यात ती रोज वरणभात खात होती.

दुसरीपुरतं मी चिठ्ठ्यांसारखं काहीतरी केलं. बाटल्यांची रंगीत झाकणं जमवली. हात धुऊन आलं की पिशवीत हात घालायचा, जो रंग येईल त्या रंगाच्या पट्टीवर बसायचं. मुलांना ते फार आवडलं. मला आवडलं ते असं की यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलं होतं की माणसं नुसती शेजारी बसवून दुरावा जात नाही. दोघांना सारखी पायरी हवी, काहीतरी मिळून करायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. शेवटचीच अट माझ्याकडे कच्ची निघाली.

आठव्या दिवशी गावातले एक पालक आले. ‘‘मॅडम, शिकवायचं ते शिकवा. जेवायला कुणाजवळ बसायचं ते आमचं आम्ही बघू.’’ सर म्हणाले, चार दिवस थांबा, वातावरण निवळू द्या. मी थांबले. ते चार दिवस मला अजून बोचतात. मुलांनी विचारलं, ‘‘बाई, झाकणं कुठं गेली?’’ मी म्हणाले, हरवली. मुलं हुशार असतात. पिशवी माझ्या टेबलावर होती. सोमवारी फट पुन्हा जिथल्या तिथं होती.

शेवटी विषय शाळा व्यवस्थापन समितीत गेला. तिथं सरांनी मात्र कच खाल्ली नाही. शिक्षण हक्क कायद्यानं वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणं ही शासनाची जबाबदारी आहे, शाळेला यात तडजोड करता येत नाही, एवढं शांतपणे सांगितलं. पण बैठक वळली ती एका आईमुळे. गावातलीच, समितीची सदस्य. ती म्हणाली, ‘‘माझं पोरगं घरी ताट धुतानाबी आज कोन्ता रंग आला सांगत बसतंय. लेकरांचा खेळ कशाला मोडता?’’ झाकणं परत आली. हरकत घेणारे पालक जानेवारीपर्यंत मुलाला घरचा डबा देत राहिले. मुलगा डबा घेऊन यायचा, पिशवीत हात घालायचा आणि रंग येईल तिथं बसून डबा उघडायचा.

परिणाम

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. सातांपैकी चार मुलं आईवडिलांबरोबर गेली. ही मुलगी आजीजवळ राहिली. वडिलांनी जाताना एवढंच विचारलं, ‘‘वाचायली का?’’ तिनं त्यांना मांजराचं वाक्य म्हणून दाखवलं.

डिसेंबर ते मार्च तिची हजेरी वर्गात पहिल्या पाचांत होती. मार्चअखेर तिला छोटा उतारा वाचता येत होता, लेखन अजून मागे होतं. हंगाम संपण्याआधी आजी दोनदा शाळेत आली. तिनं गोरमाटीत गोष्ट सांगितली आणि तांड्याच्या तीन मुलांनी ती मराठीत करून दिली. त्या तासाला वर्गातली सगळी मुलं त्या तिघांच्या तोंडाकडे बघत होती. आजीला मी आरशांची कांचळी, म्हणजे बंजारा बायकांची चोळी, घालून या, असं मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती तिच्या रोजच्या कपड्यांतच आली. ते तसेच होते.

माफी मागायला लावलेला मुलगा तिचा मित्र झाला असं काही नाही. ते एकमेकांना नावानं हाक मारतात, गटात आले तर बरोबर काम करतात, भांडतात. चौथीतली मोठी मुलं वाटेवर अजूनही तिला याडी म्हणतात. तिथं माझी भिंत पोचली नाही. एप्रिलमध्ये परतलेली चार मुलं पहिल्या दिवशी सरळ खिडकीखाली जाऊन बसली. त्यांच्या वाट्याला यातलं जेमतेम दीड महिन्याचं काही आलं होतं. आणि व्हरांड्यातल्या बाकीच्या तीन वर्गांच्या पंगतीत खांबापाशी ती फट मार्चपर्यंत होतीच.

पुन्हा असं घडलं तर

घरच्या शब्दांचा तास मी आता जूनच्या पहिल्या आठवड्यात घेते, कुणी हसायच्या आधी. कुठल्याही एका मुलाला त्याच्या समाजाचा नमुना म्हणून उभं करत नाही. प्रश्न सगळ्यांना, उत्तर ज्याला द्यावंसं वाटेल त्याचं. माफी वर्गापुढे कधीच मागायला लावत नाही. दोघांना बाजूला घेऊन आधी काय झालं ते दोघांकडून ऐकते. मुलाचा प्रश्न अडचणीचा वाटला तर ‘गप्प बसा’ म्हणायच्या आधी दहा आकडे मोजते. कधी मोजायचे राहून जातात.

पंगतीचं मी एकटीनं, एका वर्गापुरतं सुरू केलं ही चूक होती. आधी सरांशी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी आणि समितीतल्या दोनतीन आयांशी बोलून चारही वर्गांत एकदम करायला हवं होतं. म्हणजे एखाद्या पालकाला ते एका बाईचं खूळ वाटलं नसतं आणि चार दिवस थांबायची वेळ आली नसती. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांसाठीही काही ठरवायला हवं होतं. हंगामी वसतिगृहाची माहिती मी पालकांना ऑक्टोबरात दिली, तोवर बहुतेकांनी उचल घेतलेली होती आणि घरात लहान बाळ असेल तर मोठं भावंड बरोबर न्यावंच लागत होतं. ती बोलणी ऑगस्टमध्ये व्हायला हवीत.

तीज, ईद, भीमजयंती, सेवालाल महाराज जयंती, महालक्ष्म्या, हे सगळे दिवस आता माझ्या हजेरीपटाच्या आतल्या पानावर जूनमध्येच लिहिलेले असतात. लाल शाई काढण्याआधी ते पान बघते. यंदा झाकणं चारही वर्गांत आहेत. पहिलीच्या बाईंना रंग कमी पडले, म्हणून आमच्या पिशवीतली निळी त्यांना दिली.